गृहपाठ वहीत द्या, साहेब

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मागणी एकच आहे. गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं शाळांनी बंद करावं, असा जीआर काढा.

मुलांच्या मोबाइलचा विषय निघाला की सगळे पालकांना सुनावतात. पण रात्री साडेआठला वर्गाच्या ग्रुपवर बीजगणिताचा फोटो येतो, तेव्हा नववीतल्या मुलाला फोन नाकारायचा कसा? फोटो अंधुक, म्हणून तो दोन बोटांनी मोठा करत एकेक गणित उतरवतो. तिसऱ्या गणिताला वरून नोटिफिकेशन येतं. दहाला बघावं तर वहीत तीनच गणितं आणि अंगठा रील्सवर. ‘असर २०२४’ या शिक्षणाविषयीच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी. दोन्ही एकाच खिडकीत, मग मनावर ताबा ठेव म्हणून सांगायचं!

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. रोज संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद. थोरामोठ्यांचेसुद्धा. मला त्यातलं हेच पटतं. शेजारच्या मित्राचाही फोन बंद आहे म्हटल्यावर पोराला आपण काही चुकवतोय असं वाटत नाही. त्याच वर्षी यवतमाळच्या बान्सी गावाने फक्त अठराच्या आतल्यांना बंदी घातली. हेतू चांगलाच, पण मोठ्यांना मुभा असलेली बंदी पोरं किती दिवस जुमानणार?

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांना सोशल मीडियावर खाती ठेवायला मनाई केली. तसं इथे करायचं की नाही, ते दिल्ली बघेल. गृहपाठ मात्र तुमच्या खात्याचा.

शिक्षकांचीही बाजू आहे. ऑनलाइन माहिती भरता भरता तास जातो आणि राहिलेलं ग्रुपवर ढकललं जातं. तेव्हा आधी ती कामं कमी करा. गृहपाठ तासातच फळ्यावर लिहून द्यावा, गैरहजर मुलाने मित्राच्या वहीतून उतरवावा. सहलीची, फीची सूचना ग्रुपवर येऊ द्या, पण पालकांसाठी आणि संध्याकाळी सातच्या आत.

जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी जीआर निघावा. तो शाळांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात तरी आमची हरकत नाही.

आपली,
नववीतल्या मुलाची आई, जि. सांगली