आत्याच्या खुब्यावरून

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर बाबांनी विचारलं, "सलाईनमधून दुखणं थांबवायचं औषध चालू होतं ना, मग वर आत्याच्या जांघेत सुई कशाला टोचली?" घाईत धड सांगता आलं नाही. रोज हेच काम करणारी मी, आणि घरच्यांनाच समजावलेलं नाही, हे मनाला लागून राहिलं.

पहिल्या रात्री आत्या निपचित पडली होती, म्हणून तुम्हाला वाटलं दुखणं उतरलं. पण खुब्याचं हाड मोडलं की दुखणं खरं कळतं ते हलवताना. मी पहाटे पोचले तेव्हा बेडपॅन सरकवायला सिस्टरांनी तिची कंबर चार बोटं उचलली. तिनं कॉटची दांडी अशी आवळली की मनगटाच्या शिरा टरारून वर आल्या. तोंडातून आवाज नाही. बाकी वेळ गुंगीत बडबड, सलाईनची नळी ओढणं. बाबा, तुम्हाला आजोबा समजून "अण्णा, मला घरी न्या" म्हणत होती, ते तुम्ही ऐकलंतच.

शिरेतून दिलेलं ट्रमाडॉल किंवा मॉर्फिन अंगभर फिरतं. दुखणं बोथट होतं, पण मळमळ, बद्धकोष्ठ, गुंगी येते, श्वास मंदावू शकतो. उतारवयात मूत्रपिंडं थकलेली असली तर ते अंगात साचतं आणि माणूस भ्रमिष्टासारखं करतो. मात्र दुखणं अंगावर काढलं तरी भ्रम होतोच, तेव्हा आई, "मला नको औषध, सोसेन मी" हे चालणार नाही.

जांघेतली ती सुई म्हणजे ब्लॉक. त्यात खुब्याकडून येणाऱ्या नसाच काही तास बधिर करायच्या. जांघेत स्नायूवर एक पातळ पडदा असतो, त्याच्याखाली औषध सोडतात. सोनोग्राफीत सुईचं टोक दिसतं आणि औषध पसरेल तशी तिथली काळी फट रुंदावत जाते. वीस-तीस मिनिटांत गुण येतो, बरेच तास टिकतो. खुब्याला अनेक नसा येतात, त्यामुळे दुखणं पूर्ण शून्य होतंच असं नाही. म्हणून जोडीला पॅरासिटामॉल चालू ठेवतात, आणि लागलंच तर शिरेतलं औषधही, पण कमी. उपचारांचे पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं 2020 मध्ये 49 चाचण्या एकत्र तपासल्या. ब्लॉक दिल्यावर अर्ध्या तासात हलवतानाचं दुखणं 10 पैकी सुमारे अडीच अंकांनी कमी होतं आणि भ्रमाचा धोकाही घटतो, असं त्यात दिसलं.

आत्याला ब्लॉक दिला दुसऱ्या दिवशी दुपारी. अर्ध्या तासानं तोच बेडपॅन, त्याच सिस्टर. या वेळी हात दांडीकडे गेला नाही. संध्याकाळी तिनं मला नावानं हाक मारून कंगवा मागितला. हे आदल्या रात्रीच होऊ शकलं असतं. त्या रात्री मी फोनवर तिथल्या डॉक्टरांशी बोलले, पण ब्लॉकचं विचारलं नाही, याची मला फार खंत आहे.

जोखीम असतेच. औषध रक्तवाहिनीत गेलं तर ओठांना मुंग्या येतात, कानात गुणगुणतं, क्वचित झटकेही येतात, म्हणून मॉनिटर लावूनच देतात. पायात काही तास जोर नसतो, तेव्हा एकट्यानं उठायचं नाही. बाबा, तुमची रक्त पातळ करणारी गोळी आहे. जांघेतल्या या जागी बाहेरून दाबता येतं, त्यामुळे बरेचदा तरीही ब्लॉक देता येतो, पण शेवटची गोळी कधी घेतली ते आधी सांगायचं.

देव करो आणि तशी वेळ न येवो. आलीच तर ऑपरेशनच्या दिवसाची वाट न बघता, पोचल्या पोचल्या विचारायचं, "भूलतज्ज्ञांना बोलावून ब्लॉक देता येईल का?" आणि बाबा, आई काही बोलणार नाही. ती शांत पडली असताना "दुखतंय का" विचारू नका. कूस वळवताना तिच्या चेहऱ्याकडे बघा.

तुमची लेक