वराहपालनातील यंत्रे आणि मजुरी

महोदय,

वराहपालनात मला 11 वर्षे झाली. शेडवर 18 माद्या आहेत. सुरुवातीला चार माणसे लागत आणि त्यांतली दोघे तर पाण्यातच गुंतलेली असत. हौद भरायचे, डुकरांनी त्यात लोळून घाण केली की पुन्हा घासायचे. निपल, म्हणजे दाबले की पाणी सोडणाऱ्या छोट्या तोट्या, बसवले आणि ते काम संपले. जनावर तोंडाने निपल दाबते, हवे तेवढे पिते. प्रेशर वॉशरमुळे दोन तासांची धुलाई पाऊण तासावर आली. आता दोघांत भागते.

मजुरी मात्र निम्मी झाली नाही, जेमतेम पाव हिस्सा वाचला. उरलेल्या दोघांना मी दीडपट पगार देतो आणि तो त्यांचा हक्कच आहे. मादी 114 दिवसांच्या आसपास विते, तेही बहुधा रात्री. पिल्लू आईखाली चिरडू नये म्हणून जागायला जाणकार माणूसच हवा. आमच्याकडे हे काम करणाऱ्या मावशींच्या हाताची सर कुठल्याच यंत्राला नाही.

राष्ट्रीय पशुधन अभियानातले वराहपालनाचे भांडवली अनुदान 50 माद्या आणि 5 नरांच्या गटापासून सुरू होते. आमच्यासारख्यांनी निपल, वॉशर, पिल्लांना ऊब देणारे दिवे पदरमोड करूनच घ्यायचे का? 10-20 माद्या पाळणाऱ्यांसाठी पशुसंवर्धन विभागाने अशा साहित्यापुरती तरी सोपी योजना आणावी, ही कळकळीची विनंती.

– एक वराहपालक, शिरूर (जि. पुणे)