जागा मोकळी होईल, गिऱ्हाईक कुठून आणणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मंगळवारच्या अंकातला पुण्याच्या खडकी छावणीवरचा लेख वाचला. लष्कराची फेररचना, कॅन्टोन्मेंटचं (छावणी वस्तीचं) महापालिकेत विलीनीकरण आणि त्यामुळे 'स्थानिक अर्थकारणाला मिळणारी चालना', असं बरंच काही त्यात आहे. लेखकमहाशयांचा अभ्यास दांडगा दिसतो. फक्त ते खडकी बाजारात कधी चहा प्यायलेले दिसत नाहीत.

त्यांनी आमचं अर्थकारण मोकळ्या होणाऱ्या जमिनीच्या एकरांत आणि एफएसआयमध्ये, म्हणजे किती बांधकाम करता येईल त्यात, मोजलं आहे. बाजाराचा हिशोब गल्ल्यावर होतो. आमचं फौजी टेलरिंगचं दुकान वडिलांपासूनचं. इथल्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी इंजिनिअर दलातल्या नव्या जवानांची कसम परेड झाली, की साताऱ्या-सांगलीकडून आलेले आईबाप पोराला घेऊन बाजारात शिरायचे. आधी फोटो, मग काळी ट्रंक, ट्रंकेवर पेंटरकडून पांढऱ्या अक्षरांत नंबर आणि नाव, आणि शेवटी आमच्याकडे. बाप कापड चिमटीत धरून भाव विचारायचा, पोरगा ओशाळून म्हणायचा, "आबा, घासाघीस नका करू." कापड, शिलाई, फीत, नेमप्लेट, मेडल माउंटिंग. एका पोरामागे चार-पाच दुकानांची चूल पेटायची. आता अग्निवीर येतात, तेही गुणी पोरं आहेत. पण ज्याला चार वर्षांनी परत जायचंय की राहायचंय हेच माहीत नाही, तो दोन जोड जास्तीचे कशाला शिवेल?

खरा दणका बसला तो २०२२ साली. त्या वर्षी १५ जानेवारीला लष्करदिनी नवा कॉम्बॅट गणवेश आला. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेचं डिझाइन, कापड हलकं, शर्ट पँटच्या बाहेर, पट्टा आत झाकलेला. दिसायला झकास, मला काही म्हणायचं नाही. नोव्हेंबरात लष्कराने त्या नमुन्याची स्वामित्व नोंदणी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं आणि बाजारात परवान्याशिवाय तो बनवणं, विकणं बेकायदा ठरलं. पहिले ५० हजार जोड सीएसडीच्या, म्हणजे लष्करी कॅन्टीन खात्याच्या, १५ डेपोंमधून गेले, त्यांत एक डेपो आमचा खडकीचाच. म्हणजे गणवेश आमच्या गावात आला, पण आमच्या दुकानासमोरून नुसता पुढे गेला! अतिरेकी हाच वेष घालून येतात, सुरक्षेचा प्रश्न आहे, हे मला कुणी शिकवायला नको. जन्म छावणीत गेलाय.

आक्षेप वेगळाच आहे. निफ्टचे शिक्षक लष्करी आणि सिव्हिल टेलरांना नव्या गणवेशाची शिलाई शिकवणार, असं तेव्हा छापून आलं होतं. माझा मुलगा उत्साहाने एका कार्यालयात चौकशीला गेला. "अर्ज द्या." दिला. "वरून विचारून सांगतो." ते अजून वरूनच विचारताहेत. अधिकृत परवाना द्या, शिक्का द्या, ओळखपत्र पाहिल्याशिवाय सुई लावणार नाही असं लिहून घ्या, अशी तयारी असलेल्या माणसाला साधं 'नाही' असं उत्तरही मिळू नये? सध्या आमच्याकडे येतं ते तयार गणवेशाचं फिटिंग. "चाचा, कमर थोडी टाइट कर दो." एवढ्यावर दुकानाचं भाडं निघत नाही.

आणि लेखात हे सारं कालपरवाचं असल्यासारखं का मांडलंय? लष्कराची लढाऊ ताकद वाढवून खर्च आटोक्यात आणण्यासाठी नेमलेल्या शेकटकर समितीचा अहवाल डिसेंबर २०१६चा. ऑगस्ट २०१७मध्ये लष्करातल्या ५७ हजार पदांची फेररचना जाहीर झाली. वर्कशॉप, ऑर्डनन्स डेपो (लष्करी सामानाची कोठारं), फौजेला दूध पुरवणारे ३९ मिलिटरी फार्म, सगळं त्यात आलं. फौज लढाऊ व्हावी, कुणाची हरकत आहे? पण दुकानदार, हमाल, मेसचे कंत्राटदार यांचं काय होणार, हे तेव्हा कुणी मोजलं? फार्म ३१ मार्च २०२१ला कायमचे बंद झाले. जनावरं सरकारी खात्यांकडे नि सहकारी डेअऱ्यांकडे गेली. पिंपरीच्या डेअरी फार्मला गवत घालणारा माझा साडू आता एका सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करतो. लेखकमहाशयांची चालना त्याच्यापर्यंत पोचली असावी!

महापालिकेत जायला आमचा विरोध नाही. पाणी वेळेवर आलं आणि घराचा एक मजला वाढवायला परवानगी मिळाली, तर पेढे वाटू. पण उद्या दारूगोळा कारखान्याच्या आसपास टॉवर उभे राहिले, तरी त्यांत राहायला येणारे कपडे मॉलमधून आणणार आहेत, माझ्याकडून शिवून घेणार नाहीत.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत 'खडकीतील गजबजलेली बाजारपेठ' म्हणून जे छायाचित्र छापलंय, ते कॅम्पातल्या महात्मा गांधी रस्त्याचं आहे. खडकी नदीच्या अलीकडे आहे. छायाचित्रकाराला पाठवा, दुपारी बाजार मोकळाच असतो, कुणी मध्ये येणार नाही.

कळावे,
एक फौजी टेलर, खडकी, पुणे ३