सूचना : वळवाच्या सरी, विजा आणि शेतात पडलेला कांदा

निफाड, चांदवड, येवला भागातील सर्व सभासदांना नमस्कार.

उन्हाळ कांद्याची काढणी आणि वळवाचा पाऊस एकाच वेळी येतात. मार्च ते मे दरम्यान जमीन तापते, समुद्रावरून दमट वारे येतात आणि दुपारनंतर तास-दीड तासात ढग उभे राहतात. म्हणून काढणी, वाहतूक सकाळीच उरका. हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. नारिंगी असेल त्या दिवशी नवीन कांदा उपटू नका. भिजलेला माल कांदा साठवायच्या चाळीत अजिबात भरू नका. एका ओल्या थरामुळे सगळी चाळ सडते. ताडपत्री बांधावर आधीच नेऊन ठेवा.

मात्र माल झाकायला विजेत धावू नका, ही कळकळीची विनंती. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर लगेच पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नका. झाडाखाली थांबू नका. मजुरांनाही हे सांगा, त्यांच्याकडे मोबाईल असतोच असे नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे, विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ अ‍ॅप प्रत्येकाने आजच घ्यावे.