इन्व्हर्टर आधी बाहेर काढा

पुणे, रविवार रात्र

ती. आप्पा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

वहीच्या पानांवर लिहून त्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते आहे. मोठं करून आईला वाचून दाखवा. फोनवर मला हे बोलता येत नाही. मी सुरुवात केली की आप्पा "जाऊ दे" म्हणतात, आणि ते ऐकलं की पुढचं सगळं घशातच राहतं.

आधी कामाचं. काल सांगितलं तसा इन्व्हर्टर बाहेर निघाला का? नसेल तर पत्र इथेच ठेवा आणि वायरमनला बोलवा. आधी मेन स्विच बंद, मग त्याच्याकडून वायरी सोडवून घ्यायच्या, आणि दोघांनी धरून पेटी मागच्या अंगणात निंबाखाली न्यायची. सावलीतच. आपल्याकडे चैत्रातच ऊन भाजून काढतं आणि लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. कडब्यापासून लांब ठेवा. पेटी फुगलेली दिसली, गरम लागली किंवा कसला उग्र वास आला तर तिला हातही लावू नका. सगळे घराबाहेर या आणि अग्निशमनवाल्यांना फोन करा. आणि आप्पा, उघडून बघू नका. मोटारीचा स्टार्टर तुम्ही उघडता तसं हे प्रकरण नाही.

आता जे सांगायला पत्र लिहायला बसले ते.

मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या मुलाने एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा शहरातल्या फ्लॅटची गॅलरी, आणि तिच्यात आपल्यासारखीच पांढरी पेटी जळत होती. कंपनी मी लगेच ओळखली. तुमच्या डीमॅट खात्यात तिचे 400 शेअर आहेत आणि ते मीच घ्यायला लावले होते. पहिलं काम काय केलं असेल मी? शेअरचं अ‍ॅप उघडलं. 340 चा भाव 306 वर येऊन थिजला होता. 400 गुणिले 34, तेरा हजार सहाशे, हा हिशोब हातातला घास खाली ठेवायच्या आत झाला. मग संध्याकाळभर बातम्या, कंपनीचं निवेदन, कोण काय म्हणतंय. रात्री दहाला फोन चार्जिंगला लावताना आठवलं की तीच पेटी आपल्या ओसरीत आहे, आईच्या खाटेपासून हातभर अंतरावर. लोडशेडिंगमध्ये आईला पंखा मिळावा म्हणून तीही मीच घ्यायला लावली होती.

नऊ तास मी भाव बघत होते, आई. बुधवारी सकाळी फोन करून "इन्व्हर्टर बंद ठेवा, थोडा प्रॉब्लेम आहे" एवढंच मोघम बोलले. नीट सांगायला काल उजाडला. भाव पडला ही चूक माझी नाही. हे नऊ तास आणि नंतरचे हे दिवस मात्र माझे आहेत.

आता पैशांचं. आप्पांनी शुक्रवारी विचारलं, "आज भाव काय शे?" मी म्हटलं, विकताच येत नाहीये. त्यावर तुम्ही गप्प झालात. म्हणजे काय झालं ते सांगते. बाजाराने काही शेअरना दिवसाला किती पडायचं याची मर्यादा घातलेली असते, आपल्याला ती 10 टक्के. तिथपर्यंत भाव पडला की त्याला लोअर सर्किट म्हणतात. त्या भावाला विकायला हजारो लोक रांगेत, आणि घेणारा कोणीच नाही. मंगळवारी 306, बुधवारी 275.40, गुरुवारी 247.90. केळीच्या बोर्डावर भाव लिहिलेला असतो, पण कापणीला व्यापारी येत नाही, आणि आला तरी बोर्डाचा भाव देत नाही, तसंच समजा. तो आकडा भाव नव्हता, बोर्ड होता. खरी विक्री शुक्रवारी दुपारी सुरू झाली आणि शेअर 231 वर बंद झाला. तोवर मीही तुम्हाला रांगेतल्या बाकीच्यांसारखंच सांगत होते, "उद्या बघू."

मी तुमच्या खात्यात 280 ला स्टॉप-लॉस लावून ठेवला होता. म्हणजे भाव तिथे आला की शेअर आपोआप विकले जावेत अशी सोय. ती उपयोगी पडली नाही, कारण बुधवारी बाजार उघडला तोच 280 च्या खाली. बांध कितीही नीट घाला, पूर वरून गेला तर काय करणार.

आपण 300 ने घेतले होते, 1,20,000 चे. आज त्यांचे 92,400 होतात. तोटा 27,600. आप्पांच्या हिशोबात सांगायचं तर 1,200 च्या भावाने तेवीस क्विंटल केळी. कांदेबाग केळीचे पैसे होते ते, मला माहीत आहे. आई तेव्हा म्हणाली होती, जळगावला जाऊन सोनं घेऊन ठेवू. सोन्याचं पुढे काय झालं तेही मला माहीत आहे, आणि आई, हा मुद्दा तू आखाजीच्या सणापर्यंत जपून ठेवलेला असणार.

एक पेटी पेटली तर अख्खी कंपनी एवढी का पडावी, हा आप्पांचा प्रश्न बरोबर आहे. आपण केळीचा बाग विकतो तेव्हा व्यापारी समोरच्या घडांचे पैसे देतो. अशा नव्या तंत्राच्या कंपनीचा शेअर घेणारा माणूस पुढच्या दहा वर्षांच्या बागांचे पैसे आजच देत असतो, न लावलेल्या खोडांचेसुद्धा. त्यामुळे जमिनीतच काही खोट आहे अशी नुसती कुजबुज झाली तरी दहाही वर्षांचा भाव एकदम खाली येतो. पेट्या बदलून द्यायचा खर्च मोजता येतो. किती पेट्या, पुन्हा कोणी घेईल का, सरकार विक्री थांबवेल का, हे मोजता येत नाही, आणि न मोजता येणाऱ्या गोष्टीला बाजार नेहमी जास्तीत जास्त वाईट भाव लावतो. त्यात उधारीवर शेअर घेतलेल्यांचे शेअर ब्रोकर परस्पर विकतात, म्हणून पडणाऱ्याला आणखी धक्का बसतो.

मोठमोठ्यांचं हे झालेलं आहे. 2016 मध्ये सॅमसंगचे गॅलक्सी नोट 7 फोन पेटायला लागले. विमानात त्यांच्यावर बंदी आली होती, तुम्हाला आठवत असेल. कंपनीने सप्टेंबरात 25 लाख फोन परत मागवले, बॅटरी दुसऱ्या पुरवठादाराची घालून नवे दिले, आणि ते नवेही पेटले. ऑक्टोबरमध्ये तो फोनच कायमचा बंद केला आणि एका दिवसात शेअर 8 टक्के पडला. पुढे जानेवारीत कंपनीने सांगितलं की दोन्ही पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोष होते, आणि ते दोष वेगवेगळे होते. म्हणजे पहिल्यांदा "आम्हाला कारण सापडलं" म्हणाले तेव्हा अर्धंच सापडलं होतं. तरीही त्या शेअरने काही महिन्यांतच नवा उच्चांक गाठला. कारण सॅमसंगकडे मेमरी चिपचं दुसरं पीक होतं आणि त्या वर्षी त्याला चांगला भाव होता.

19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीने संगणकांच्या सुरक्षेसाठी एक अपडेट पाठवलं आणि त्यानेच जगभरचे 85 लाख संगणक बंद पाडले. आपल्याकडे विमानतळावर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले, तो दिवस. त्या दिवशी शेअर 11 टक्के पडला आणि पंधरा दिवसांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेला. तोही पुढे वर आला. ती चूक एका फाइलची होती, सापडली, दुरुस्त झाली, आणि गिऱ्हाइकांना ती सोडून जाणं सोपं नव्हतं.

ही दोन उदाहरणं चुलतभावाने ऐकली की तो म्हणेल, मग आपणही थांबू, उलट आणखी शंभर घेऊ, सरासरी खाली येईल. त्याचा फोन येऊन गेला असेल. ऐकू नका.

2017 ची गुलाबी बोंडअळी आठवा. बियाण्याची एक पिशवी खराब निघाली तर दुकानदार बदलून देतो, तो एका लॉटचा दोष. पण त्या वर्षी कुठल्याही कंपनीची बीटी कपाशी, म्हणजे बियाण्यातच अळी मारायची सोय असलेली, लावली तरी बोंडात अळी होतीच, कारण अळीच त्या तंत्राला पुरून उरली होती. पिशवी बदलून काय होणार होतं? आपल्या शेअरचा सगळा प्रश्न एवढाच आहे: हा लॉटचा दोष आहे की बोंडअळी आहे? मंगळवारी कंपनी म्हणाली, ग्राहकाने वायरिंग चुकीचं केलं. गुरुवारी म्हणाली, एका पुरवठादाराचे सेल खराब. तीन दिवसांत दोन कारणं. आणि या कंपनीला दुसरं पीक नाही, ती फक्त हीच पेटी बनवते.

आप्पा, तुम्ही विचारलंत, "तू बॅटऱ्यांच्या वॉरंटीचंच काम करतेस, तुला आधी कळलं नाही का?" हा प्रश्न लागला मला. मी जिथे काम करते त्या कंपनीचं आतलं काही कळलं असतं, तर त्यावरून तुम्हाला शेअर घ्या-विका सांगणं सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाने गुन्हा झाला असता. पण ही कंपनी माझी नाही. तिचा वार्षिक अहवाल सगळ्यांसाठी खुला असतो आणि त्यात वॉरंटीसाठी बाजूला काढलेल्या पैशांची एक ओळ असते. बदलून द्याव्या लागतील असं कंपनीलाच वाटतं त्या मालासाठीची ती तरतूद. बुधवारी रात्री मी तो अहवाल पहिल्यांदा उघडला. विक्री दीडपट झाली होती, ती तरतूद तिप्पट. ऑफिसात असला आकडा माझ्या टेबलावर आला असता तर मी त्याच दिवशी दोन माणसं कारखान्यात पाठवली असती. घरच्या पैशांच्या वेळी मी नुसता भाव पाहिला, चढत होता म्हणून.

म्हणून माझं मत असं आहे की उद्या विकायचे, चारशेच्या चारशे. तोटा कायमचा होईल. शेअर पुन्हा 340 होऊ शकतो, तो होणार नाही असं मी म्हणत नाही, आणि झाला तर तुम्ही मला आयुष्यभर ऐकवा. पण ज्यांच्या बोलण्यावर तीन दिवसांत माझा विश्वास उडाला त्यांच्याकडे तुमचे पैसे ठेवायला मी आता सांगणार नाही. हा तोटा रिटर्नमध्ये वेळेत दाखवला तर पुढच्या वर्षांच्या शेअरच्या नफ्यातून वजा करता येतो, ते कागद मी बघते. खातं आप्पांचं आहे, शेवटचा शब्द त्यांचा. नको असेल तर सकाळी नऊच्या आत फोन करा.

आखाजीला सालदाराला उचल द्यायची असते आणि ती तुम्ही यातूनच देणार होतात, हे मला आईकडून कळलं. तेवढे मी पाठवते. भरपाई नाही ही. भरपाई म्हटलं की आप्पा परत पाठवतील. या वर्षाची उचल माझ्याकडून, इतकंच.

मी आखाजीच्या दोन दिवस आधी येते. बाकीच्यांना सांगू नका, नाही तर आई आठवडाभर आधीच खापर काढून मांड्यांच्या तयारीला लागेल.

एक काम राहिलं. कंपनीने परत घ्यायच्या पेट्यांचे नंबर जाहीर केलेत. आपला नंबर पेटीच्या मागच्या बाजूला, खाली, चंदेरी कागदावर आहे. सुरुवातीची दोन अक्षरं इंग्रजी, पुढे नऊ आकडे. हात न लावता, लांबूनच मोबाइलने फोटो काढून पाठवा. आईचा चष्मा घालून नका बघू आप्पा, मागच्या वेळी तुम्ही आठाचा तीन वाचला होता.

तुमची,
बेबी