सूचना : रविवारची भेट, बिनआगीचं इंजिन

सभासदहो, येत्या रविवारी राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जायचं आहे (शांतिपथ, चाणक्यपुरी, नवी दिल्ली). दारापाशी सकाळी पावणेदहाला जमू. मेट्रोने येणाऱ्यांनी गुलाबी मार्गावर सर विश्वेश्वरय्या मोतीबागला उतरावं. सोमवारी संग्रहालय बंद असतं, त्यामुळे ‘उद्या येतो’ चालणार नाही.

या वेळी राजेरजवाड्यांचे डबे नंतर. आधी सिंद्रीच्या (झारखंड) खत कारखान्यातलं वाफेचं इंजिन पाहायचं. १९५३ सालचं, जर्मनीच्या हेन्शेल कंपनीचं. याला भट्टीच नाही! कारखान्याच्या बॉयलरमधून टाकीतल्या पाण्यात दाबाखालची वाफ भरायची. वाफ वापरली की दाब उतरतो आणि तेच तापलेलं पाणी पुन्हा उकळू लागतं. दाब फार उतरला की परत भरायला जायचं. ठिणगी उडत नाही, म्हणून आगीची भीती असलेल्या कारखान्यांत अशी इंजिनं वापरत. गर्दी मात्र नेहमी शेजारच्या मोठ्या इंजिनांपाशीच.

- इंजिनांवर चढू नये, मुलांनाही चढवू नये.
- तिकीट ज्याने त्याने काढावं.
- टोपी, पाणी आणावं. बरीचशी इंजिनं उघड्यावर आहेत.
- येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत गटावर नाव टाकावं.