नव्या सदस्यांसाठी : रविवारी कवडीपाट

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला लोणी काळभोरजवळ कवडीपाटच्या बंधाऱ्यापाशी जमायचं आहे. पक्षीनिरीक्षणाला नुकतीच सुरुवात करणाऱ्यांनी जरूर यावं. हिवाळ्यात इथे चक्रवाक, थापट्या ही बदकं आणि धोबी हा छोटा पक्षी येतात, आणि मोकळ्या पाण्यामुळे ते नीट दिसतात. म्हणून पहिल्या फेरीला जंगलापेक्षा नदीकाठ बरा.

दुर्बीण नसेल तरी या, आळीपाळीने बघू. विकत घ्यायची घाई नको. पुढे घेतलीत तर ८ बाय ४२ घ्या : आठपट मोठं दिसतं आणि ४२ मिमीच्या भिंगातून पहाटेही पुरेसा उजेड येतो. जास्त पटीच्या दुर्बिणीत हात जरा हलला की पक्षी हरवतो.

पक्षी दिसताच पुस्तक उघडू नका. तो उडेपर्यंत त्याच्याकडेच बघा. चिमणीएवढा की साळुंकीएवढा? चोच कशी? शेपूट सारखी हलवतो का? चिखलात आहे की पाण्यात? हे वहीत टिपा, नाव मागाहून सापडतं. मर्लिन या पक्षी ओळखायच्या मोबाइल ॲपने सुचवलेलं नावही डोळ्यांनी पडताळूनच नोंदवा.

एक कळकळीची विनंती : मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो खाणं सोडून त्याला शोधत बसतो. घरट्यांचे फोटो आणि जागाही गटावर टाकू नयेत.

कपडे मातकट किंवा हिरवट घाला. टोपी, पाणी आणा. येणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत इथे नाव टाकावं, म्हणजे गाड्या ठरवता येतील.